घेराच्या रकान्यात काय लिहायचं

सगळ्यांत आधी सून आली. सकाळी साडेसातला, हातात ना पिशवी ना डबा, नुसता फोन. तिच्या पाठोपाठ लेक, उशीएवढी जाड गुलाबी वही छातीशी धरून. आणि या दोघी उंबऱ्यातच एकमेकींकडे तिरकं बघतायत तोवर शेजारचे टाइमकीपर भाऊजी काखेत लांबलचक रजिस्टर मारून हजर. (कारखाना सुटून बारा वर्षं झाली, पण चालतात अजून भोंगा झाल्यासारखे.) तिघांचं म्हणणं एकच, की मी काय खाल्लं ते लिहायला त्यांनी आणलीय तीच वही चांगली. खाणार मी, लिहिणार मी, आणि वही निवडणार हे तिघं. मला कुणी बस सुद्धा म्हणालं नाही, माझ्याच घरात.

थांबा हं वन्सं, नमस्कार राहिलाच. रागात पेन उचललं की असं होतं. तर वन्संना वाकून नमस्कार. (आणि हे नुसतं लिहायचं म्हणून नाही. गेली दहा वर्षं पत्रात वाकत होते आणि इथे खुर्चीवर बसून मान हलवत होते. आता खरंच वाकते. परवा स्वतःच्या चपलेचा पट्टा स्वतः लावला आणि पुन्हा काढून पुन्हा लावला, मजा म्हणून.) तुमचा खांदा कसा आहे? शेक घेता का आळस करता? तिसऱ्या मजल्यावर वारा छान येतो म्हणता, पण लिफ्ट नाही ती नाहीच ना अजून? त्या जिन्याबद्दल पुढे लिहिते. अक्षराला हसू नका. तिसरीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं तुमच्याच शिवणाच्या दुकानात शिकले.

तर वजन उतरवायच्या ऑपरेशनचं तुम्हाला लेकीने फोनवर सांगितलंच असेल, पण तिला शिवणातलं काय कळतंय. पोट कापून घडी घातलेल्या बाहीएवढं अरुंद ठेवलं आणि आतून शिवून टाकलं. बाहेर पाच बारीक छेद. मी डॉक्टरांना म्हटलं, टाका जरा मोठा पडलाय हो, मी असते तर अर्ध्या मापाचा घातला असता. ते हसले. हसायचं काय त्यात? खरं तेच बोलले. पण माणूस हाताचा चांगला, शिवण उसवली नाही. दोन महिन्यांत अठरा किलो उतरलं. झगा असा लोंबतो की आत अजून एक म्हातारी बसेल.

आता आहारवाल्या बाईंचं ऐका. (दवाखान्यात एक बाई असतात, त्यांचं काम फक्त लोकांनी काय खाल्लं ते विचारायचं. बसून पगार!) त्या म्हणाल्या, आजी, तोंडात गेलेला प्रत्येक घास आणि पाण्याचा प्रत्येक घोट लिहून ठेवायचा. आधी अंडं, दही, असलं ताकदीचं. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने घोट घोट. हे सगळं वहीत नीट दिसलं तरच गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळेल. आणि गुडघा झाल्याशिवाय मला तुमचे बावन्न पायऱ्यांचे जिने चढता येणार नाहीत. चार वर्षं झाली वन्सं तुमचं घर बघून. तुम्ही खाली उतरता, आपण फाटकाशी उभ्याउभ्या बोलतो, वाटेत गाडीचे बैल बदलायला थांबल्यासारख्या. मला आत येऊन बसायचंय. म्हणून वहीवर एवढा जीव.

म्हणून त्या सकाळी या तिघांचं मी मुकाट्याने ऐकलं. सुनेच्या फोनमध्ये वही असते म्हणे. खाल्लं की बोट लावायचं. पाणी प्यायलं की फोन टुण्ण करून ‘शाब्बास’ म्हणतो. मला! एकाहत्तर वर्षांच्या बाईला! माझ्या सासूने पण मला कधी शाब्बास म्हटलं नाही आणि मी त्याशिवाय पाणी प्यायलेच ना? आणि बोट जरा जाड पडलं की एका अंड्याची अकरा होतात. लेक म्हणाली, “वहिनी, आईला तुझा फोन चष्मा लावूनही दिसत नाही.” सून म्हणाली, “तुमची वही मात्र दिसते हं, शेजारच्या गल्लीतून.” गुलाबी वहीत खाण्याला दोन ओळी आणि मनाला अख्खं पान. आज तुम्हाला स्वतःबद्दल काय आवडलं? आज कुणाला माफ केलंत? तुमच्या भावाने पन्नास वर्षांत असलं काही विचारलं नाही, आणि मी काय खाल्लं हे सांगायला आधी लोकांना माफ करायचं? भाऊजींच्या रजिस्टरात घास आत किती वाजता, भांडं बाहेर किती वाजता, उशीर झाल्यास कारण, आणि प्रत्येक घोटापुढे सही. “वहिनी, शिस्त म्हणजे शिस्त,” म्हणाले. घोट घ्यायला अर्धं मिनिट, सहीला दोन. सही होईपर्यंत पुन्हा तहान!

तिघंही हटेनात. कुणाचं मन मोडायचं? शेवटी तिघांनी आपापली वही आपापल्याकडेच ठेवली आणि मला रोज विचारून लिहायचं ठरवलं. सून सकाळी फोन करायची, लेक दुपारी, भाऊजी संध्याकाळी खिडकीतून. अंडं खाल्लं? हो. दही खाल्लं? हो. झालं, लिहून मोकळे.

आणि मी? मी मशीनचा खण उघडला आणि आपली मापांची वही काढली. तीच, निळ्या पुठ्ठ्याची, तुम्ही टेप लावायचात आणि मी लिहायची ती. मागची पानं कोरी होती. रकाने छापलेलेच, मला ते झोपेतही सापडतात. मग मी लावून घेतलं. गळ्याच्या रकान्यात पाणी, कारण ते गळ्यातून जातं. छातीत अंडं आणि दही, ताकदीचं. बाहीत भाज्या. उंचीत किती वेळ चावलं ते. आणि घेराच्या रकान्यात जे खायला नको होतं आणि खाल्लं ते, कारण जातं ते तिथेच. खाल्लेलं उलटून पडलं तर खडूची फुली, जशी आपण बिघडलेल्या तुकड्यावर मारायचो. तुमचा दंडक आठवतो ना? गिऱ्हाईक सांगतं ते लिहायचं नाही, टेप दाखवते ते लिहायचं. ती कोपऱ्यावरच्या बेकरीची मालकीण कंबर बत्तीस लिही म्हणून रडली होती, आणि तुम्ही मला डोळ्यांनी खुणावलंत, अडतीस. तसंच मी लिहिलं. अर्धं अंडं तर अर्धं. उरलेलं मांजराला, तेही लिहिलं. (मांजर जाड झालंय. त्याचा रकाना वेगळा.)

पंधरा दिवसांनी तपासणी. तिघं सोबत आले, आपापल्या वह्यांसकट, कारण कुणाची चांगली ते बाईंनीच ठरवायचं होतं. टेबलावर तीन ठेवल्या, मी हळूच चौथी सरकवली. बाईंना वाटलं चारही मिळून एकच हिशेब, सकाळची एक, दुपारची एक अशी. त्या बेरीज करत गेल्या आणि त्यांच्या भुवया वर वर. मंगळवारी साडेतीन अंडी! साडेतीन वाट्या दही! चष्मा काढून म्हणाल्या, आजी, एवढंसं पोट शिवलंय तुमचं, हे कुठे घालताय? असं असेल तर गुडघ्याचं मी नाव काढणार नाही.

 वन्सं, मला तुमचा जिना दिसला, आणि वरचं दार बंद. मी सुनेकडे बघितलं, ती फोनकडे. लेक गुलाबी वहीत बघत होती, बहुतेक कुणाला माफ करावं ते शोधत. भाऊजी तर चक्क घड्याळ बघत होते.

मग मात्र मी उठले. (हात न टेकता उठले. ते कुणी बघितलं नाही, ते वाईट वाटलं.) मी म्हटलं, बाई, ही तीन अंडी एकच अंडं आहे. या तिघांनी विचारलं, खाल्लं का. मी म्हटलं, हो. किती खाल्लं हे एकाने तरी विचारलं का? ताटात घेतलं ते सगळं माझ्या पोटात गेलं असं तीन शिकलेल्या माणसांनी लिहून ठेवलं. ही निळी वही बघा, यात अर्धं आहे, यात फुली आहे, यात मांजर आहे.

बाईंनी निळी वही पुढे ओढली. बराच वेळ बोट फिरवत होत्या. घेर म्हणजे काय, ते विचारलं. मी सांगितलं. मग पान उलटलं, पुन्हा उलटलं, आणि फुल्या मोजल्या. दही सकाळी घेतलं की उलटतं, दुपारी घेतलं की राहतं, हे त्यांना त्या फुल्यांवरून कळलं आणि मला त्यांच्याकडून. म्हणाल्या, हीच वही. बाकीच्या घरी ठेवा. सहा आठवडे अशीच लिहा, मग गुडघ्याची तारीख मी स्वतः मागते. आणि शेवटच्या पानावर, जिथे आपण ‘फिटिंग बरोबर’ लिहायचो, तिथे सही केली.  परतीच्या रिक्षात सुनेचा फोन मधेच ‘शाब्बास’ म्हणाला. कुणाला, कळलं नाही.

जपून असा. खांद्याला शेक घ्या.
तुमची भावजय

ता. क. राहिलंच. वहीत अकराच पानं उरलीत आणि सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. कोऱ्या वह्यांचा गठ्ठा तुम्ही घर बदलताना नेला होतात, कपाटावरच्या पेटीत असेल. दोन वह्या येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवा. तिसरी पाठवू नका. ती मी येऊन नेणार आहे, बावन्न पायऱ्या चढून. चहा टाकून ठेवा, पण मला दोनच घोट.

ता. क. दुसरी. तुम्ही गुपचूप पाठवलेला केक पोचला. एक बोट चाखला. घेराच्या रकान्यात लिहिलाय, पुढे ‘वन्संकडून’ असंही लिहिलंय, दंडक तुमचाच आहे. तपासणीला बाईंनी विचारलं, या वन्सं कोण. मी खरं सांगितलं. पुन्हा पाठवू नका. पाठवलात तर जरा छोटा पाठवा.

ता. क. तिसरी. तिघंही रविवारी अकराला परत येतो म्हणालेत, वही बघायला, आणि आलेच आहेत तर जेवायलाही. मी तीन पानं आखून ठेवलीत, प्रत्येकाच्या नावाने एक. खाणार ते, वाढणार मी आणि लिहिणारही मी. टेप दाखवेल तेच. रविवारी, अकरा वाजता.