सौदीला निघालेलं लोणचं

९ नोव्हेंबर, रविवार

डुक्कर आलं! शंभूनं सकाळीच दौंडहून आणलं, चरबीसकट, जसं सांगितलं तसं. एवढं कुणाला म्हणून इचारलं न्हाई. मी बी सांगितलं न्हाई.

येत्या शनिवारी शंभू, माझा लेक, सौदीला चालला, क्रेनवर कामाला. शेजारच्या नूरबीचा आतिफ तिथंच हाय, त्यानंच काम बघून दिलं. सगळं कासुर्डी गाव म्हणतंय, साखरबाई, आता एकटी कशी ऱ्हाशील? एकटी कसली! ह्यांचा फोटो हाय की भिंतीवर. रोज भांडते. जित्तेपणी उलट बोलायचे, आता तेवढं बी न्हाई. आराम हाय.

तर लोणचं. चूल बाहेर मांडली. डुकराची कढई, पळी येगळी, निंबाला टांगलेली असती. आन् मधल्या कुंपणाच्या भिंतीवर लाल लुगडं टाकलं. ती नूरबीला खूण — आज माझ्याकडं डुक्कर शिजतंय, आत येऊ नगंस, चहा भिंतीवरनं. तिनं कवा सांगितलं न्हाई असं कर म्हणून. माझं मीच सुरू केलं, लगीन होऊन आले तवापासनं.

भिंतीपलीकडनं तिनं इचारलं, "साखरे, काय शिजवतीस?"

"तुझा दादला, सत्तार."

"मग मीठ जादा घाल. लई अळणी माणूस हाय."

हसून हसून पळीच पडली हातातली!

हळद-मीठ लावून फोडी चरबीतच परतल्या. पाणी पार आटलं पायजे. थेंब ऱ्हायला की बुरशी धरली. मग आलं, लसूण, मोहरी, मेथी, तिखट, लिंबाचा रस. वरनं गार केलेलं तेल. सासूचा हात माझ्यापेक्षा बरा होता असं लोक म्हणत्यात. म्हणू देत. लोकांनी आज चव बघायला पायजे होती.

नूरबीला म्हणलं, शंभूला बांधून देणार, वर्सभर पुरंल. ती म्हणली, अगं येडे, तिथं डुक्कर चालतच न्हाई. सापडलं तर पोराला आल्या पावली माघारी धाडतील.

एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली न्हाई! वडाराच्या घरातनं पोरगं लांब निघालं की बरणी संगं जायाचीच, मला वाटलं सौदी म्हंजी नगरच्या पलीकडं कुठंतरी.

१० नोव्हेंबर

तेल अजून वर आलं न्हाई. बरणीला हात लावायचा न्हाई, साखरबाई.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मुरलं! शंभूनं भाकरीसंगं खाल्लं, दोनदा मागितलं, एक शबूद बोलला न्हाई. बापावर गेलाय. चांगलं झालं की त्ये बी गपच खायाचे.

मग म्हणला, "आये, ह्ये मला न्यायचं न्हाई बरं का." म्हणलं, कोण देतंय तुला? मलाच पायजे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दिली! शंभू गावात गेला तवा बरणी बॅगेत घातली. तोंडाला फडकं, वर प्लास्टिक, त्यावर चादर. कुणी इचारलं तर बोकडाचं म्हणायचं. एवढ्या विमानात माझ्या बरणीचा वास घेत कोण बसतंय!

दिवस कलायच्या टायमाला नूरबी डबा घेऊन आली. आतिफसाठी रव्याचे लाडू. बॅगेची चेन उघडून आत ठिवायला वाकली — मी तिचा हातच धरला. म्हणलं, ह्या बॅगेत नको.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग कुंपणाकडं. लुगडं तर कवाच काढलेलं.

"का गं नको?"

मी वरची चादर नीट करायला लागले. चादर तर नीटच होती. 

ती खाली बसली. लाडवाचा डबा मांडीवर घेतला. हळूच म्हणली, "साखरे, तुला लोणचं धाडायचं न्हाई. पोरगं माघारी आणायचंय."

म्हणलं, तुझं आपलं कायतरीच. चहा टाकते. चहा उतू गेला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

शंभू आंघोळीला गेला तवा बरणी काढली. बॅग पुसून घेतली, त्या जागी लाडवाचा डबा ठिवला. चादर होती तशी घातली वर.

दौंडला रेल्वेत बसवून आले. खिडकीतनं म्हणलं, उंटिणीसंगं लगीन लावून आलास तर सून म्हणून घरात घेणार न्हाई. डब्यातली माणसं हसली. त्यो बी हसला, जरा उशिरानं.

मी रडले न्हाई. नूरबी रडली. तिचं पोरगं कवाच गेलंय, तरी रडली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शंभूचा फोन. पोचला. खोली बरी हाय, आतिफ संगं हाय.

मग म्हणला, "आये, बॅगेतली बरणी कुठं गेली?"

म्हणलं, तुला कसं ठाव?

"शुक्रवारीच बघितली व्हती. तशीच झाकून ठिवली मी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मग म्हणला, लाडू चांगलं झाल्यात, नूरबीमावशीला सांग.