दोन चमचे पाणी

दि. ११ फेब्रुवारी, बुधवार

चि. बारकीस,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. इकडे सगळे ठीक आहेत, तूही ठीक असशील असं धरून चालतो. पत्रास कारण की, एवढं लिहिलं आणि दहा मिनिटं तसाच बसलो. कारण तसं काही नाही. फोनवर तू "बरी आहे, ठेवते" म्हणतेस आणि ठेवतेस, आणि मला फोनवर तोंड फुटत नाही. म्हणून लिहितो. माझी शाळा चौथीतच सुटली हे तुला माहीत आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

गुडघा थंडीत कुरकुरतो. नातीचा पुढचा दात पडला. तो तिने काडेपेटीत ठेवला आहे आणि रोज उघडून मला दाखवते, जसा काही मी काल पाहिलाच नव्हता. मुलाची पाळी बदलली, आता तो सकाळी लवकर जातो. मागच्या दाराची कडी मी अजून तीन-तीनदा बघतो. तू होतीस तेव्हा तुला उठवायचो, आता स्वतः उठतो.

तू गेल्यापासून सूनबाईने मला गोळ्यांच्या कामाला घेतलं आहे. तिला माणूस हवं, मी रिकामा. चाळीस वर्षं भिंती रंगवल्या, आता म्हातारपणी बिस्किटांचे गोळे वळतो. ती त्यांना ट्रफल म्हणते, माझ्या तोंडात तो शब्द बसत नाही. काम तुला ठाऊकच आहे. चॉकलेटची बिस्किटं मिक्सरमधून अगदी पीठ होईपर्यंत काढायची, त्यात क्रीम चीज घालून मळायचं, मोठ्या गोटीएवढे गोळे वळायचे आणि फ्रीजमध्ये ठेवायचे. भट्टी नाही, भाजणं नाही. मला हे बरं वाटतं, कारण गॅस चालू राहिला की काय ही धास्ती नाही.

"बाबा, सारखे वळा हो," सूनबाई म्हणते. "एक गोटी आणि एक चेंडू असं नको."

"अगं, हात थरथरतो."

"मग थरथरत सारखे वळा."

अशी आमची मजा चालते. रंगाचं काम, म्हणजे गोळे रंगीत चॉकलेटमध्ये बुडवणं, मात्र ती एकटीच करते. त्या चॉकलेटच्या चकत्या वितळवलेल्या वाडग्याजवळ ती आता कोणालाही येऊ देत नाही.

त्या दिवसाचं तू अजून मनाला लावून घेतलं आहेस असं वाटतं. दाताच्या नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाला गोड गोळे, म्हणजे दात किडवायचीही सोय आणि बुजवायचीही, असं आपण दोघं हसलो होतो ना? मग वाडग्यात पाणी गेलं, रंगाचा दगड झाला आणि तीनशे गोळे तसेच काळे पाठवावे लागले. सूनबाईची पहिली मोठी ऑर्डर होती, म्हणून ती चार शब्द बोलली. तुला सारखे हात धुवायची सवय, ती लहानपणापासूनची. घाईत कोणाकडूनही चूक होते. मी तर ते कधीच विसरलो. तूही विसर.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम धरलंस असं मुलगा म्हणाला. सासष्टाव्या वर्षी? भाज्या निवडायला बसवतात की मोठी पातेली घासायला लावतात, ते कळव. तुझी खोली तशीच आहे. खालच्या मजल्यावरचा शिंपी तुझी चौकशी करतो.

जपून राहा. उत्तर लिही, नाही लिहिलंस तरी चालेल.

तुझा दादा


दि. २ मार्च, सोमवार

बारके,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून कोरडंच सुरू करतो.

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी. तू बरी आहेस. पातेली घासायला दुसरी बाई आहे, तू निवडण-टिपण करतेस. मी रक्तदाबाची गोळी विसरत जाऊ नये. आणि नातीचा दात काडेपेटीत राहिला तर मुंग्या येतील, डबीत ठेवा. बस. मी तुला क्षमा केल्याचा आव आणून पान भरलं आणि तू मला मुंग्यांचं लिहिलंस. ते पत्र आठ दिवस माझ्या खिशात होतं. शर्ट बदलला की या खिशातून त्या खिशात. घरात कोणाला दाखवलं नाही.

आता सरळ लिहितो. सरळ लिहायचं ठरवून हे तिसरं पान घेतलं आहे, आधीची दोन फाडली.

पाणी मी घातलं होतं.

तू वाडग्यांपाशी उभी होतीस, गुलाबी आणि आकाशी. मी उगाच येरझाऱ्या घालत होतो. मागच्या दाराची कडी लागली का, बघून ये, असं मी दोनदा म्हटलं, आणि तू कंटाळून, "बघते बाबा, बघते, एवढं हलव जरा," म्हणून गेलीस. मी चमचा फिरवला. गुलाबी रंग दाट वाटला. ब्रशला असा दाट रंग आला की भिंतीवर फटकारे दिसतात, हे माझ्या हाताला माहीत. हाताने डोक्याला विचारलंच नाही. नळाखाली चमचा धरला आणि वाडग्यात टाकला. मग दुसरा चमचा आकाशीत. एक डबा पातळ केला की दुसराही करावा लागतो, नाहीतर भिंतीवर फरक दिसतो. चाळीस वर्षांत एक डबा तसाच सोडायची चूक मी एकदाही केली नव्हती, आणि इथे नेमकी तीच करायला हवी होती.

बघता बघता रंग आळला, कणीदार झाला, चमचा उभा राहिला. मी चमचा ठेवून बाजूला झालो. तू आलीस. हलवायला गेलीस तर हलेना. तेवढ्यात नातीची वेणी घालून सूनबाई आली.

ती म्हणाली, "आत्या, हात पुसले होते का तुम्ही? किती वेळा सांगितलं, पाण्याचा थेंबसुद्धा चालत नाही!"

तू माझ्याकडे बघितलंस. "दादा, तू काही घातलंस का रे?"

मी म्हणालो, "मी? मी तर हातही लावला नाही."

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ. पण मी पुढे म्हणालो, "तिला लहानपणापासून घाईच फार." हे कशाला म्हणालो? कोणी विचारलं नव्हतं. खोटं उभं राहीना, म्हणून त्याला तुझ्या लहानपणाचा टेकू दिला.

भीती कशाची होती तेही लिहितो, म्हणजे ती किती क्षुल्लक होती ते तुला दिसेल. आदल्या आठवड्यात माझ्या हातून नळ चालू राहून बैठकीची खोली भिजली होती. मुलगा सूनबाईला म्हणत होता, "बाबांना आता स्वयंपाकघरात फिरकू देऊ नकोस." ते मी ऐकलं. मला वाटलं, आता एक जरी चूक झाली तर आपल्याला खुर्चीत बसवून ठेवतील, शोभेच्या कुंडीसारखं. माझी खुर्ची टळावी म्हणून तुझं घर गेलं.

आणि तू ओळखलं होतंस. ते मला त्याच संध्याकाळी कळलं. तू माझ्या खोलीत येऊन म्हणालीस, "शर्ट काढ, धुवायला टाकते." मी म्हटलं, आजच घातला आहे. तू म्हणालीस, "काढ." उजव्या बाहीला गुलाबी डाग होता. तो तू सूनबाईच्या नजरेला पडू दिला नाहीस. बाही चोळून चोळून धुतलीस, दोरीवर वाळत घातलीस आणि मला एक शब्द बोलली नाहीस. सूनबाई तुला म्हणाली होती, "उद्यापासून स्वयंपाकघरात तुम्ही नका येऊ, मी बघते." त्यानंतर चार दिवस तू ताट घेऊन आपल्या खोलीत जेवलीस. पाचव्या दिवशी पिशवी भरलीस. मी दारापर्यंत आलो आणि म्हणालो, "पोचल्यावर फोन कर." म्हणायला दुसरं काही नव्हतं का?

तुला वाटलं असेल, मी कुठेही राहीन, दादाला कुठे जाता येणार. तू माझ्यासाठी गप्प राहिलीस. मी तुझ्या गप्प राहण्याच्या आडोशाला बसलो आणि सावली छान आहे म्हणालो.

शिंप्याबद्दलही खोटं लिहिलं. तो चौकशी करत नव्हता, थट्टा करत होता. "तुमच्या बहिणीने गोळ्यांचं सिमेंट केलं म्हणे!" मी त्याच्याबरोबर हसलो. एकदा नाही, तीन-चार वेळा. एकदा तर विषय मीच काढून दिला.

आता परवाचं सांगतो. शनिवारी दुपारी वाढदिवसाचे ऐंशी गोळे होते. सूनबाई पिवळा रंग वितळवत होती, नात जवळ घुटमळत होती.

"लांब हो," सूनबाई तिला म्हणाली. "आजीसारखं करशील."

"आजी काय करायची?"

"ओले हात घालून सगळं वाया घालवलं आजीने."

नातीने आपले हात उलटेसुलटे करून पाहिले, फ्रॉकला पुसले आणि मला विचारलं, "आबा, आजी घाणेरडी होती का?"

बारके, दिवसातून वीस वेळा हात धुणारी तू. आणि हे पोर असं विचारतं.

मी म्हणालो, "पाणी मी घातलं होतं."

सूनबाईला कळेना. "कुठलं पाणी, बाबा?"

"गुलाबीत. आणि आकाशीतही. एकेक चमचा."

"दोन्हीत?"

मी तिला डब्यांचं आणि भिंतीचं समजावून सांगायला लागलो. ती म्हणाली, "बाबा, ती भिंत होती का?" आणि हसली. हसता हसता तिला पुढचं कळलं आणि तिचं तोंड उतरलं. गॅस बंद करून ती खालीच बसली.

"पाण्याचं काही नाही हो," ती म्हणाली. "रंग दाट झाला तर चमचाभर तेल घालतात, मी सांगितलं असतं. नसेल माहीत एखाद्याला. पण आत्या चार दिवस खोलीत एकट्या जेवत होत्या आणि तुम्ही माझ्यासमोर बसून दुसऱ्यांदा आमटी मागून घेत होतात. मी वाढत होते. मला काय काय करायला लावलंत तुम्ही, बाबा?"

पिवळा रंग वाडग्यात थिजून गेला. तिने तो पुन्हा गरम केला, सगळे ऐंशी गोळे एकटीने बुडवले आणि मला खोलीत जा म्हणाली नाही. ती म्हणाली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मुलाला तिने नाही, मीच सांगितलं. तो बूट काढत होता ते काढत राहिला. मग जिना उतरून शिंप्याकडे गेलो. दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यासमोरच सांगितलं. त्याने मशीन थांबवलं. "म्हणजे भिंत तुम्ही रंगवलीत आणि ओघळ तिच्या नावावर?" म्हणाला. मी हो म्हटलं. या खेपेला कोणी हसलं नाही. दाताच्या डॉक्टरीणबाईंनाही सूनबाईने तुझं नाव सांगितलं होतं. आज सकाळी तिच्याबरोबर दवाखान्यात जाऊन तिथेही सांगून आलो. बाई म्हणाल्या, "आजोबा, एवढ्यासाठी आलात?" त्यांना ते एवढंसंच वाटलं. मलाही महिनाभर ते एवढंसंच आहे असं स्वतःला पटवता आलं होतं.

येत्या रविवारी सूनबाई तुझ्याकडे येणार आहे. न्यायला येते असं म्हणायची तिची हिंमत नाही, भेटायला येते म्हणते. तिला आत घे. तिची चूक एवढीच की तिने सासऱ्याचा शब्द खरा मानला. तुला तिथलं काम आवडलं असेल, तिथे तुझा मान असेल, तर येऊ नकोस. माझ्याकडे बघून तर मुळीच येऊ नकोस. मी तुझ्याशी कसा वागलो ते वर लिहिलं आहे, पत्र जपून ठेव. पुढे कोणी तुझ्या हातांबद्दल काही बोललं तर दाखवायला होईल.

मीही तिच्याबरोबर येईन. वर येणार नाही, खाली जिन्याशी बसेन. तू हाक मारली नाहीस तर तिच्याबरोबर परत येईन, आणि त्याचं मला काही वाटणार नाही असं खोटं आता लिहीत नाही. वाटेल.

या पत्राखाली सही काय करावी याचा बराच वेळ विचार केला. दादा हे नाव तू ठेवलेलं, बोलायला लागलीस तेव्हाचं. ते तुझंच आहे. परत द्यायचं की नाही ते तू ठरव. तोवर मी नुसता

आपल्या आईचा थोरला मुलगा