मुळासकट

४ नोव्हेंबर १९८८, इब्रामपूर
पोचले. प्रयोगशाळेमागची खोली माझी; खिडकीतून थेट देवराई दिसते. मालक शिवदासबाब पेडण्याच्या स्टँडवर स्वतः घ्यायला आले. "घाटावरची तू, बांगडे पचतले गो तुका?" म्हणून वाटभर चिडवलं. बाटल्या धुणारी गंगा मला बाये म्हणते. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, गरम उंडे देऊन जातो. गडहिंग्लजला इतकं हसल्याचं आठवत नाही.

९ नोव्हेंबर
सर्पगंधा रानातून संपत आली आहे. माझं काम म्हणजे एका रोपाचे तुकडे करून ते बाटलीत जेलीसारख्या खाद्यावर वाढवायचे, संप्रेरकं मोजून द्यायची. मूळ रोप शिवदासबाबांनी देवराईतून उपटून आणलं. गंगा म्हणाली, तिथलं काही हवं तर आधी राखणदाराला, देवराईच्या देवाला, विचारतात. फांदी घेतात, मूळ ठेवतात. तिचा नवरा जयराम देवराईची पूजा करतो. तो आडवा आला तेव्हा शिवदासबाबांनी त्याला कुदळीच्या दांड्यानं मारलं. तो अजून अंथरुणावर आहे. हे सगळं तिनं मान वर न करता, बाटली घासत सांगितलं. मग इथं काम का करतेस, विचारलं. नुसती हसली.

२८ नोव्हेंबर
पालवीचं संप्रेरक दिलं, आली मुळंच. पांढरी, सगळ्या बाटल्यांत खिडकीकडे वळलेली. बाटल्या फिरवून ठेवल्या. सकाळी मुळं पुन्हा देवराईकडे.

६ डिसेंबर
रोप उपटताना शिवदासबाबांचा तळहात खरचटला होता. तिथं आता पांढरी गाठ. कापलेल्या पानाच्या कडेला येते तशीच. डॉक्टरच्या मलमानं ती वाढतेच आहे.

१२ डिसेंबर
काप, सुप्रिया, म्हणाले, तुझा हात हलका आहे. चाकू ज्योतीवर धरला, गाठ कापली. रक्त आलं नाही. आणि सवयीनं, रोज तेच करते म्हणून, तुकडा बाटलीत टाकून झाकण लावलं. दोघंही हसलो.

१९ डिसेंबर
तुकडा वाढतो आहे. त्याला नख फुटलंय. शिवदासबाबांची बोटं मात्र बारीक होत चालली आहेत, आतून कुणी शोषल्यासारखी.

२४ डिसेंबर
बाटली जाळ म्हणाले. जाळ लावला. किंकाळी त्यांनीच फोडली. बाटली बाहेर काढली.

२७ डिसेंबर
शिवदासबाब दिव्यांच्या खोलीत, बाटल्यांच्या मांडणीखाली बसून असतात. उजेड सोडत नाहीत. पावलांना पांढरं काही —
गंगेपुढे हात जोडले. नारळ ठेव, माफी माग त्यांच्यासाठी. म्हणाली, "बाटल्यो धुवूक नाय इलंय गो बाये. बघूक इलंय."

३० डिसेंबर
मांडणीखाली नुसता सदरा. बाटलीही नाही. गंगा देवराईत, रोप उपटलेल्या खड्ड्यात काही पुरून माती दाबत होती. माती हलत होती. जयराम आज उठून बसला, म्हणाली.
मी सुटले ना, विचारलं. तिनं माझा उजवा हात उलटून पाहिला. रोपाचे तुकडे कोणी केले, विचारलं.

३१ डिसेंबर
अंगठ्याशी पांढरं. कापायचं नाही. काही झालं तरी —

१ जानेवारी
दार बाहेरून लावलंय. टेबलावर धुतलेली बाटली, खाद्य भरलेली. शेजारी चाकू. गंगा खिडकीबाहेर बसून आहे —
डाव्या हातानं लिहिते. उजवा ऐकत नाही. ओढतो — बोटं सगळी खिडकीकडे —
कापलं तर कदाचित