एका रेघेने खोडलेली ओळ

तीर्थरूप आत्या,

वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून केला. पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं होतं, एका वाकण्यात दोन्ही कामं झाली.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधता, की तो कपाटाच्या दाराला बांधलाय? मागच्या पत्रात तुम्ही गुडघ्याबद्दल एक ओळ लिहिलीत आणि माझ्या नोकरीबद्दल अकरा, म्हणून विचारते.

त्या अकरा ओळींचं उत्तर आता देते. उभ्या असाल तर आधी बसा. आत्या, मी छापखान्यातली नोकरी सोडली. चार महिने झाले. ज्या खुर्चीसाठी तुम्ही मालकांना स्वतःचा शब्द दिला होतात, त्या खुर्चीवर आता दुसरं कुणी बसतं आणि मी विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या बाकावर बसते. संगणकशास्त्र, हिशेब आणि वित्त, असं तिन्ही एकत्र शिकायचं असतं. नाव इतकं लांब आहे की ओळखपत्रावर मावलं नाही, 'वित्त' निम्मं माझ्या फोटोखाली गेलंय. पन्नास जणांच्या वर्गाचं सरासरी वय साडेअठरा होतं, ते मी एकटीने एकोणीसवर नेलं. (ताळा करून पाहिला आहे.) आमचे हे म्हणाले, "तू शिकायला माझी ना नाही, पण आत्यांना तूच सांगायचं, आणि तेव्हा मी घरात नसेन." मी पत्राला कागद काढला तसे ते खरंच चपला घालून बाहेर पडले.

छापखान्यात काही वाईट नव्हतं. एकवीस वर्षं मी त्याच खिडकीपाशी बसून जमाखर्चाच्या दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळवल्या, आणि जुळल्या की दर वेळी मला आनंद होत असे, हे तुम्हालाच सांगता येतं. पण गेल्या वर्षी मालकांनी संगणक आणला आणि माझं महिनाअखेरीचं चार दिवसांचं काम त्याने माझा चहा निवायच्या आत करून दाखवलं. सगळ्यांना वाटलं मला राग आला असणार. राग नाही आला हो, हेवा वाटला. याला हे शिकवलं कुणी, आणि मला का नाही शिकवलं, असं दिवसभर मनात येत राहिलं. त्रेचाळिसाव्या वर्षी माणसाला असं काही वाटायला लागलं की ते जात नाही, गुडघ्यासारखंच.

आता नीट ऐका. पहिल्या सत्राला एक प्रकल्प करायचा आणि तो दोन परीक्षकांसमोर चालवून दाखवायचा. शंभरांपैकी पन्नास मिळाले तर जागा राहते, नाहीतर नाव कमी होतं. परीक्षा बारा तारखेला आहे. नाव कमी झालं तर विद्यापीठही नाही आणि छापखानाही नाही. पण मी अजिबात घाबरलेली नाही, झोप उत्तम लागते, आणि तुम्ही त्या गुडघ्यासकट येण्याची काहीही गरज नाही. (यापुढची एक ओळ मी खोडली आहे. बाजूला सही आणि तारीख घातली आहे. वाचू नका.)

पहिल्याच दिवशी मी एक पराक्रम केला. दारात एका मुलाने माझ्या हातात कागद दिला. एकवीस वर्षांची सवय, कुणी कागद दिला की वाचायचा, त्यातली चूक दुरुस्त करायची, सही ठोकायची, तारीख घालायची. तसं सगळं केलं आणि परत दिला. तो तीन दिवसांच्या रजेचा अर्ज होता. मुलगा आनंदाने निघून गेला. चौथ्या दिवशी हिशेबाच्या सरांनी त्याला उभं केलं, त्याने माझी सही दाखवली आणि सगळ्या वर्गाने वळून माझ्याकडे पाहिलं. सर म्हणाले, "बाई, पुढची रजा देण्याआधी आम्हालाही कळवत जा." तेव्हापासून वर्ग मला 'साहेब' म्हणतो. परवा कँटीनमध्ये एकीने माझ्यासाठी खुर्ची पुसली.

प्रकल्पासाठी जोड्या पाडल्या, त्यात माझ्या वाट्याला आली घाई. (हे मी ठेवलेलं नाव. मुलगी बोलायच्या आधी टाइप करते आणि विचार करायच्या आधी बोलते, पण सोन्यासारखी आहे.) काम असं, की दुकानाच्या पावत्या आत घातल्या की सगळ्या खात्यांच्या बेरजांची तेरीज बाहेर यावी, जमा-नावेच्या दोन्ही बाजू जुळलेल्या. तेरीज मला झोपेतही काढता येते. प्रश्न यंत्राला सांगण्याचा होता. त्याला एकेक ओळ लिहून द्यावी लागते, ओळ चुकली की ते अडून बसतं, मग ती पुसून नवी लिहायची. आणि आत्या, इथे घोडं अडलं. मला पुसता येईना.

आठवतं ना? मी नऊ वर्षांची असताना गणिताच्या वहीत खोडरबर फिरवत होते. तुम्ही ऑफिसातून आलात, पर्स अजून खांद्याला होती. खोडरबर माझ्या हातातून घेतलंत आणि पर्समध्ये टाकलंत. मग म्हणालात, चुकीवर सरळ एकच रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे, बाजूला सही, तारीख. आपण काय चुकलो ते आपल्यालाच वाचता आलं नाही तर उपयोग काय? ते खोडरबर मला परत मिळालं नाही आणि मी पुन्हा मागितलंही नाही.

तर मी प्रत्येक चुकीच्या ओळीच्या आधी एक खूण टाकायला लागले. ती खूण दिसली की यंत्र ती ओळ सोडून पुढे जातं. शेजारी लिहायचं: वरील ओळ चूक, रद्द, सही, तारीख. साठ ओळींचा प्रोग्रॅम तीन आठवड्यांत नऊशे ओळींचा झाला. घाई एकदा खालीवर करून दमली आणि म्हणाली, "काकू, हा प्रोग्रॅम आहे की स्मशान? मेलेल्यांना उचला तरी!" मी म्हटलं, असू दे गं, त्या काही खायला मागत नाहीत. शिवाय रोज घरी जाण्याआधी मी सगळं छापून घ्यायची, पानांना आकडे घालायची, भोकं पाडून फायलीत दोऱ्याने बांधायची. प्रिंटरपाशी बसणारे गृहस्थ मला पाहिलं की हल्ली कागदांवर हात ठेवतात.

गेल्या सोमवारी घाईने मला खूश करायचं ठरवलं. मी पोचायच्या आत तिने ती सगळी मढी पुसून टाकली होती. "काकू, बघा कसं लख्ख झालंय!" चालवून पाहिलं. तेरीज आली. जमेकडे शून्य, नावेकडे शून्य. आत्या, जुळली होती हो! त्यात खोट काढायला जागाच नव्हती. मेलेल्यांबरोबर एक जिवंत ओळही गेली होती, पावत्या आत घेणारी, आणि ती नेमकी कुठली होती, कशी होती, हे दोघींपैकी एकीलाही आठवेना. घाई आधी हसली, मग जिन्यात जाऊन रडायला लागली. तिचीही जागा पन्नास गुणांवरच आहे, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी आपली स्वतःचीच भीती कुरवाळत बसले होते. (भीती नाही. काळजी.)

मी पिशवीतून फाईल काढली. जिन्यातच बसलो, ती वाचत होती, मी बोट फिरवत होते. एकतिसाव्या पानावर ती ओळ सापडली. वर तिचीच तीन चुकलेली रूपं होती, प्रत्येकावर माझी सही. घाईने मला अशी मिठी मारली की चष्मा दोन पायऱ्या खाली गेला.

तेवढ्यात संगणकाच्या बाई जिना चढत आल्या. त्यांनी फाईल मागून घेतली आणि उभ्या उभ्या बरीच पानं वाचली. मला वाटलं, आता कागदाच्या नासाडीवर बोलणी बसणार. बाई म्हणाल्या, "हे मी दुसऱ्या सत्रात शिकवते, पण तुम्हाला आजच दाखवते, चला." आणि त्यांनी एक प्रणाली उघडली. आत्या, तिच्यात काहीच पुसलं जात नाही! कुठली ओळ कुणी बदलली, कधी बदलली, का बदलली, सगळं तारखेनिशी राहतं, आणि हवं तेव्हा मागचं पान उघडता येतं. जगभरचे लोक असंच काम करतात म्हणे. मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. माझ्या तोंडून निघालं, "अहो, पण ही तर आमची आत्या आहे!" बाईंना काही कळलं नाही. मी समजावत बसले नाही, मागचं पान उघडून पाहिलं.

प्रोग्रॅम आता चालतो. तेरीज जुळते, आणि शून्याला नाही. बाराला संगणकाच्या बाई आणि हिशेबाचे सर शेजारी शेजारी बसून तपासतील. (एरवी ते एकमेकांचा जिनाही वापरत नाहीत.) तुमचा शब्द मी मोडला, हे मला कळतं. नोकरीचा मोडला. दुसरा, खोडरबराच्या दिवशीचा, नाही मोडला.

तब्येतीला जपा, पट्टा बांधा, आणि रागावला असाल तर निदान लिहून रागवा.

तुमची भाची
(सही, तारीख)

ता. क. माझं खोडरबर अजून तुमच्या पर्समध्ये असेल तर सांभाळून ठेवा. चौतीस वर्षं झाली. आता परत मिळालं तरी वापरणार नाही, फक्त बघायचं आहे.

ता. क. २. ती खोडलेली ओळ तुम्ही सगळ्यात आधी वाचली असणार. एकच रेघ मारली आहे, खालचं स्वच्छ दिसतं. तरी चष्मा जवळ नसेल तर इथे पुन्हा लिहिते: 'आत्या, मला फार भीती वाटते, बारा तारखेला येऊन शेवटच्या बाकावर नुसत्या बसाल का?' हे वाक्य रद्द आहे, सही आहे, तारीख आहे.

ता. क. ३. अकरा तारखेची गाडी सकाळी सव्वाआठला पोचते. मी स्टँडवर उभी असेन. हे वाक्य खोडलेलं नाही.