बाबांच्या ओळीची जागा

न्यूयॉर्क, २६ ऑगस्ट १९८४

चि. रविंद्र यास,
जयभीम व अ. आ.

तुझं शेवटचं पत्र येऊन दोन महिने झाले. इंदोऱ्यातून पोस्टात सायकल मारायचाही तुला कंटाळा, एवढंच मी समजते. शोभाला सांग, नवऱ्याला ताट वाढण्याआधी एक कागद-पेन पुढे ठेवत जा म्हणावं.

इथे एक नवल पाहिलं, ते बाबांना वाचून दाखव. माझ्या वॉर्डात लॉरेटा नावाची मदतनीस आहे. चोवीस वर्षांची काळी पोरगी, माझ्याच इमारतीत राहते, तोंडाची फटकळ. रविवारी तिनं मला ओढतच खालच्या अंगणात नेलं. तिचा भाऊ दोन तबकड्या शेजारी ठेवून हातानं मागेपुढे फिरवत होता. गाण्यातला नुसता तालाचा तुकडा सापडला की तोच तो पुन्हा, संपू म्हणून द्यायचा नाही. त्या तालावर लॉरेटा माईक धरून उभी राहिली आणि गायली नाही रे, बोलली! यमक जुळवत, धडाधड. इमारतीची लिफ्ट हिवाळ्यापासून बंद आहे, नवव्या मजल्यावरची म्हातारी दूध आणायला जिने चढून मरायला टेकली, आणि घरमालकाच्या बुटाला अजून एक पायरी लागली नाही. जमलेली माणसं मधली ओळ एका आवाजात उचलून धरत होती. शेवटी तिनं स्वतःचं नाव घेतलं. याला इथे रॅप म्हणतात. याच रस्त्यांवरच्या काही जणांच्या तबकड्या आता दुकानात मिळतात.

मी तिथंच रडायला लागले. लॉरेटाला वाटलं, मला कोणी काही वंगाळ बोललं. तिला काय सांगू? बाबा डफ वाजवून ओळ म्हणायचे, मागे उभं राहून आम्ही झील धरायचो, आणि शेवटच्या ओळीत बाबांच्या नावाची ‘लहानू म्हणे’ ही छाप यायची. जसाच्या तसा आपला जलसा! फक्त डफाच्या जागी तबकडी.

बाबांचा घसा कसा आहे? आवाज बसला असं तू जूनमध्ये लिहिलं होतंस. इतके दिवस बसलेला आवाज सर्दीचा नसतो. हे नर्स म्हणून सांगते. मोठ्या दवाखान्यात दाखव.

लोभ आहेच, तो पोस्टात टाकायला विसरू नको.

तुझी,
ताई

नागपूर, १४ सप्टेंबर १९८४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझ्या शिव्या पोचल्या. शोभानं त्या मला दोनदा वाचून दाखवल्या.

ताई, गंमत इथंच संपली. बाबांना नेलं होतं. गळ्यात कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणतात, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. गळ्याला भोक पाडतात, त्यातून श्वास. वीस नोव्हेंबर तारीख दिली आहे. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त समजते, म्हणून आणखी लिहीत नाही.

बाबांनी शांतपणे ऐकलं. डॉक्टरांना एवढंच विचारलं, की डफ वाजवता येईल ना. आई मात्र तेव्हापासून चुलीपुढे बसली की पदर डोळ्यालाच लावून राहते.

मी म्हटलं, तू पाठवलेला टेप घरात आहे, आवाज तरी भरून ठेवू. चाळीस वर्षं हा माणूस गावोगावी गायला आणि त्याची एक ओळ कुठे भरलेली नाही. कोरी कॅसेट आणली. बाबांना बसवलं. ते म्हणाले, आता गळ्यात एकाच गाण्याची ताकद उरली आहे, भरायचं तं पाण्याचंच गाणं भरू. मी खूश झालो. त्यांनी पहिली ओळ म्हटली, झिलेच्या जागेवर थांबले आणि दाराकडे पाहत बसले. मी झील धरली. तुला माझा गळा माहीत आहे, गल्लीतलं कुत्रं उठून गेलं. बाबा हसले आणि टेप बंद कर म्हणाले. ते गाणं प्रेमिलाच्या झिलेवर बांधलं आहे, ती अमेरिकेतून आली तर म्हणीन, नाही तर राहू दे, असं सांगून डफ खुंटीला लावला.

मी वामनकाकांना विचारलं, ते तर बाबांचे जुने झीलकरी. त्यांनी सांगितलं, की एकाहत्तर सालापासून बाबांनी ते गाणं कुठेच म्हटलं नाही. काहून, ते मला कोणी सांगत नाही. तुला माहीत असेल तर कळव, आणि वीस तारखेच्या आत येता येत असेल तर ये.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
रविंद्र

न्यूयॉर्क, ३ ऑक्टोबर १९८४

चि. रविंद्र यास,
जयभीम व अ. आ.

मला सगळं माहीत आहे. तेरा वर्षं कोणाला सांगितलं नाही, आज तुला सांगते.

नर्सिंगचं पहिलं वर्ष होतं, मी होस्टेलवर होते. बाबा नरखेडकडे जलसा करून सकाळच्या एसटीनं परस्पर मला भेटायला आले. खांद्यावर डफ, हातात संत्र्यांची पिशवी, अंगावर धूळ. फाटकाशी चार मुली उभ्या होत्या. एकीनं नाक मुरडून विचारलं, हा डफवाला कोण. मी म्हणाले, आमच्या गावाकडचा आहे. बाबा माझ्यापासून दोन हातांवर होते रे. त्यांनी ऐकलं. पिशवी माझ्या हातात दिली आणि निघाले. मी मागे धावत गेले, तर तुला वाटेल माफी मागायला! पण तोंडातून निघालं काय, तर पुढच्या वेळी डफ घरी ठेवून या. ते बरं म्हणाले. पुढे सुट्टीत घरी आल्यावर त्यांनी एकदा डफ काढला, मी अभ्यासाचं निमित्त केलं. पुन्हा कधी त्यांनी बोलावलं नाही.

पाण्याचं गाणं त्यांनी मी सहा वर्षांची असताना बांधलं. एका संत्र्याच्या बागेत विहीर खोदणाऱ्यांनाच तिचं पाणी शिवू दिलं नव्हतं, त्यावरून. बाबा म्हणायचे, ‘दोर माझा, बादली माझी, घाम माझ्या अंगाचा’ आणि मी टाचा उंचावून झील धरायची, ‘मंग पाणी कोनाचं, सांगा पाणी कोनाचं?’ माणसं आधी हसायची आणि मग गप्प व्हायची.

रजेसाठी मी हातापाया पडले. जानेवारीच्या आधी मिळत नाही. तशीच निघाले तर नोकरीही जाते आणि परत येण्याचा कागदही. लॉरेटाला सांगितलं तर ती म्हणाली, एवढंच ना? आमची पोरं एकानं भरलेल्या तालावर दुसऱ्यानं बोलायचं, हे रोज करतात. म्हणून मी माझी झील कॅसेटवर भरणार आहे आणि बाबांच्या ओळींच्या जागा मोकळ्या सोडणार आहे. तू एका टेपवर माझी कॅसेट लाव. बाबा त्या जागांमध्ये गातील. दुसऱ्या टेपवर दोघांचं मिळून भर. दुसरा टेप कोणाकडून तरी माग.

बाबांना म्हणावं, प्रेमिला येते आहे, पोस्टानं.

तुझी,
ताई

नागपूर, २२ ऑक्टोबर १९८४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र मिळालं. होस्टेलचा मजकूर मी एकट्यानं वाचला. बाबांना फक्त कॅसेटचं सांगितलं. त्यांनी मला दोनदा समजावून सांगायला लावलं. मग त्या अमेरिकेतल्या पोरी फार हुशार आहेत म्हणाले, आणि त्या दिवसापासून बोलणं बंद केलं. आवाज खर्च करायचा नाही म्हणे, गाण्यासाठी शिलकीत ठेवायचा. चहा पाहिजे तर कप दाखवतात, आईवर रागवायचं असेल तर डफावर एक टिचकी मारतात. आई म्हणते, लग्न झाल्यापासून हा माणूस इतका चूप कधी नव्हता, आता भांडू कोणाशी?

दुसऱ्या टेपची सोय झाली. सक्करदऱ्याचा कृष्णकांत, लाउडस्पीकरवाला, तो आपला चांगला टेप घेऊन स्वतः येणार आहे. पोस्टमनची वेळ झाली की बाबा ओट्यावर जाऊन बसतात. त्याला एवढी धास्ती बसली आहे, की पत्र नसलं तर गल्लीच्या तोंडापासूनच हात हलवतो.

लोभ ठेव, आणि कॅसेट टाकली नसेल तर लवकर टाक.

तुझा,
रविंद्र

न्यूयॉर्क, २४ ऑक्टोबर १९८४

चि. रविंद्र यास,
जयभीम व अ. आ.

कॅसेट पंधरा तारखेलाच टाकली. लॉरेटानं डबा वाजवून ताल धरला. मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा कंठच फुटेना. तिनं माझ्या पाठीत एक धपका घातला तेव्हा आवाज निघाला.

तीन तारखेपर्यंत पोचायला पाहिजे. रोज मोजते आहे. वीसच्या आत नक्की होते.

सगळ्यांना माझी आठवण कळव. बाबांना सांग, आवाज जपा.

तुझी,
ताई

नागपूर, १२ नोव्हेंबर १९८४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

कसं लिहू ते समजून नाही राहिलं.

एकतीस तारखेला दिल्लीत जे झालं, ते तुला तिकडेही समजलंच असेल. त्यानंतर इथे काही दिवस सगळं बंद होतं, टपालही तुंबलं. पाच तारखेला बाबांचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, वीस तारखेपर्यंत थांबलो तर माणूस राहत नाही. सहाला सकाळी ऑपरेशन केलं.

आत नेताना मी गाडीसोबत चालत होतो. बाबांनी माझं मनगट धरलं. इतके दिवस जपलेला आवाज, ताई. त्यांनी विचारलं, पोस्टमन आला का. मी म्हटलं, अजून नाही. तेच त्यांचं शेवटचं बोलणं.

तुझी कॅसेट नऊ तारखेला आली.

मी ती घरी लपवून ठेवणार होतो. आई म्हणाली, त्याची वस्तू आहे, त्याले दे. काल वॉर्डात नेऊन उशाशी लावली. तुझा आवाज आला, ‘मंग पाणी कोनाचं’. शेजारच्या खाटेवरचे चंपतराव उठून बसले. मग बाबांची जागा आली, नुसता डब्याचा ताल. बाबांचे ओठ हलत होते, ताई. पूर्ण ओळ म्हणत होते. गळ्याच्या भोकातून नुसती हवा येत होती. सगळ्या जागा त्यांनी तशाच म्हटल्या. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

जीव वाचला, असं डॉक्टर म्हणतात. तेच धरून बसायचं.

तुझा,
रविंद्र

न्यूयॉर्क, २८ नोव्हेंबर १९८४

चि. रविंद्र यास,
जयभीम व अ. आ.

पत्र वाचून दोन दिवस कामावर गेले नाही. लॉरेटा येऊन भात करून गेली, कच्चा. तोच खाल्ला.

रोज दुसऱ्यांच्या बापांचे गळे पुसते मी. ज्यांना आवाज नाही त्यांना पाटी देते, धीर देते. माझ्या बापाचा आवाज अठरा वर्षं मला फुकट मिळत होता, तेव्हा मला त्याची लाज वाटली. आता पाहिजे तर नाही. जसं केलं तसं भरलं, दुसरं काय.

जानेवारीच्या पंचवीसला येते. बाबांना तोंड कसं दाखवू, तेवढं सांग. होस्टेलची गोष्ट त्यांच्या लक्षात आहे का, हेही विचारू नको. मला माहीत आहे.

तुझी,
ताई

नागपूर, १६ डिसेंबर १९८४

चि. प्रेमिला इले,
बापाचा जयभीम अन् मोठे मोठे आशीर्वाद.

रविंद्र लिहून देतो म्हने, मी नाई म्हटलं. रात्रशाळेत शिकलो त्याले लई वर्षं झाले, अक्षर वाकडं हाय, समजून घे. मी बरा हावो. गरम भात गिळता येत नाई, तुही माय थंडा करून देते अन् वरून बोलते. आता मले उलटून बोलता येत नाई म्हनून तिले मोकळं रान भेटलं.

तुहं रविंद्रले आलेलं पत्र मी त्याच्या उशाखालून काढून वाचलं. होस्टेलचं. ते पोट्टीचं वय होतं वं. चार पोरी हासत असन तं मानूस घाबरते. मले राग त्याचा नव्हता. मले वाटे का तू गानं विसरली. घरी आली का पुस्तक घेऊन बसे, म्हनून मी म्हटलं, विसरली तं विसरली, शिकून ऱ्हायली, त्याच्यासाठीच तं गात होतो आपन. पन त्या गान्याले दुसऱ्याची झील लावावं असं मले वाटलं नाई.

कॅसेट मी रोज आयकतो. माह्या ओळीची जागा तू जेवढी सोडली, तेवढीच माही ओळ हाय. एक मात्रा कमी नाई का जास्त नाई. तिसऱ्या कडव्यात मी दम घ्यासाठी थांबत होतो, तिथं बी तू थांबली. ओळ मनात म्हटल्याबिगर एवढी बरोबर जागा सोडता येत नाई. म्हंजे तुले सारं याद होतं. तेरा वर्षं मी उगाच समजत होतो.

काल कृष्णकांत दोन टेप घेऊन आला होता. मी तुह्या झिलेवर डफ वाजवला. माही ओळ जिथं हाय तिथं डफ हाय. ते भरून ह्या पत्रासंगं धाडतो. त्या लॉरेटाले आयकव, तिले जयभीम सांग. तिची लिफ्ट चालू झाली का ते कळव.

शेवटची जागा मी मोकळी ठेवली. तिथं डफ बी नाई वाजवला. टेप बिघडला असं समजू नको. तिथं गानाऱ्याचं नाव येते, अन् डफाले नाव घेता येत नाई. ते आता तू घे.

माया तशीच हाय, आधी होती तेवढीच.

तुहा बाप