बी ब्लॉकचा नैसर्गिक नेता

६ जानेवारी १९९१, रविवार, सकाळ

नव्या वर्षाचे संकल्प: रोज चालणं. साखर बंद. ही डायरी रोज लिहिणं. आज सहा तारीख. आधीचे दिवस ट्रायल म्हणून सोडले.

मावसभाऊ माधवचं अमेरिकेतून, ओहायोहून पत्र आलंय. त्याचा मुलगा कॉलेजात कुठल्याशा फ्रॅटर्निटीत शिरलाय. पोरं दारावर ग्रीक अक्षरं लावलेल्या एका घरात राहतात, एकमेकांना भाऊ म्हणतात आणि पुढे जन्मभर एकमेकांना वर ओढतात म्हणे. तिकडचे निम्मे पुढारी अशाच घरांतून निघतात, असं माधवचं मत. वाचून हसू आलं. आमच्या मेडिकलच्या होस्टेलचा बी ब्लॉक दुसरं काय होता? फक्त आमच्या दारावर ग्रीक अक्षरं नव्हती. दाराला कडीही नव्हती.

चौथा संकल्प: बी ब्लॉक ओल्ड बॉइज असोसिएशन, यूके. मे महिन्यात इथे बर्मिंगहॅमला रीयुनियन. अध्यक्ष अर्थातच निवडणुकीने. पण उपोषणाच्या वेळी ब्लॉकचं नेतृत्व कोणी केलं, हे लोक विसरले नसतील. वैजयंतीला सांगितलं. ती म्हणाली, आधी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवा, उद्या सोमवार आहे.

१३ जानेवारी

भाषण लिहायला घेतलं. 'लीडरशिप: अ बी ब्लॉक पर्स्पेक्टिव्ह.' मेसच्या वरणात झुरळ निघालं म्हणून सगळ्या ब्लॉकने चौसष्ट साली केलेलं आमरण उपोषण, हा गाभा. तेव्हाचा फोटो सापडला. पहिल्या रांगेत अगदी उजवीकडे माझं कोपर स्पष्ट दिसतं. फ्रेम करायला दिला.

यशोधनने विचारलं, "बाबा, तुमचा स्ट्राइक जिंकली का?" पंधरा वर्षांचा आहे, जन्म इथला. त्याला समजावलं की उपोषणाचं मोजमाप हार-जितीत नसतं. सो यू लॉस्ट, म्हणाला आणि गेला. या पिढीला इतिहासाची गोडी नाही.

वैजयंतीने मार्केटमधून केळी आणली. उचलून गराजमध्ये ठेवली. लग्नापासून सांगतोय, मला केळ्यांची ॲलर्जी आहे.

२ फेब्रुवारी

चाळीस पत्रं पोस्टात टाकली. यशोधनच्या कॉम्प्युटरवर लेटरहेड काढलं. खाली सही: डॉ. श्रीनिवास माटे, एफआरसीएस (पार्ट वन). इकडे सर्जन पूर्ण पास झाला की डॉक्टरचा मिस्टर होतो. मला डॉक्टर हेच जास्त भारदस्त वाटतं.

चालणं: पोस्टाच्या पेटीपर्यंत.

२४ फेब्रुवारी

एकही उत्तर नाही. बर्फामुळे टपाल तुंबलंय. वैजयंती म्हणते, बर्फ वितळून किती दिवस झाले. तिला टपाल खात्याचं कामकाज ठाऊक नाही.

१० मार्च

उत्तरं यायला लागली! तीन आली. एकाने विचारलंय, आपण कोणत्या बॅचचे? दुसऱ्याने कळवलंय, सध्या इन्शुरन्स नको. तिसरं उदयचं. उदय मँचेस्टरला कन्सल्टंट आहे, मिस्टर उदय खांडके. पत्र त्याच्या सेक्रेटरीने टाइप केलेलं. मिस्टर खांडके आभारी आहेत, परंतु आपला परिचय असल्याचं त्यांना स्मरत नाही.

चार वर्षं शेजारच्या खोलीत होता. माझा टॉवेल वापरायचा. पैसा आला की माणूस असा बदलतो.

एजवेअरला नंदूला फोन केला. नंदू जीपी आहे. ब्लॉकमधल्या त्या एकाशीच माझं अजून बोलणं आहे. तो म्हणाला, अरे, श्रीनिवास माटे कोण हे पत्र वाचून मलाही क्षणभर कळेना. होस्टेलात कुणाला कुणाचं खरं नाव माहीत होतं? खाली तुझं तिकडचं नाव घाल, सगळे धावत येतील. मी साफ नकार दिला. ते नाव मी पत्रात लिहिणार नाही. या डायरीतसुद्धा लिहिणार नाही. अध्यक्षपदाची काही डिग्निटी असते. इतक्या वर्षांत या घरात ते नाव कुणाच्या कानावर पडलेलं नाही आणि पडणारही नाही.

ब्लॉकमध्ये समोरच्या खोलीत असलेल्या विष्णूलाही ग्लासगोला पत्र गेलंय. त्याचंही उत्तर नाही. त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

१४ एप्रिल

येणाऱ्यांची संख्या: नंदू आणि मी. हॉल दीडशे माणसांचा घेतलाय.

दुसरं पत्र काढलं. यात 'व्हिजनरी' हा शब्द ठिकठिकाणी पेरलाय आणि वर माझा फोटो. आताचा. केस मागे सरकल्यामुळे कपाळ भव्य दिसतं.

साखरेचं रीयुनियननंतर बघू. ताण आहे.

२८ एप्रिल

काल दिवसभर ऑन-कॉल. घरी आलो तर वैजयंती तोंडावर हात धरून सोफ्यावर हलत होती. मला वाटलं रडतेय. नंदूचा फोन येऊन गेला, म्हणाली. काय म्हणाला विचारलं, तर काही नाही, जुन्या गप्पा.

आज सकाळपासून फोन वाजतोय आणि प्रत्येक वेळी तीच धावतेय. सगळे येताहेत! बायकामुलांसकट. उदयसुद्धा. तिला म्हटलं, बघितलंस, 'व्हिजनरी'चा परिणाम. ती म्हणाली, असेल.

नवा सूट घेतला. जेवणाचं तिने स्वतःकडे घेतलंय. मेनू विचारला तर म्हणाली, तुम्ही भाषणाकडे लक्ष द्या.

१९ मे, रविवार

काल रीयुनियन पार पडलं. जे घडलं ते तटस्थपणे नोंदवतो.

मी सूट घालून हॉलच्या दारात उभा होतो. पहिली गाडी उदयची. मिस्टर खांडके उतरले, त्यांनी हात पसरले आणि कार पार्कभर ऐकू जाईल असे ओरडले, "शिकरण!" मग मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीतून तेच. यशोधनने कुणाला तरी विचारलं, शिकरण कोण? त्या गृहस्थाने माझ्याकडे बोट दाखवलं.

माझी पाळी यायच्या आत उदयने माइक धरला. म्हणाला, उपोषणाचा तिसरा दिवस. सगळ्यांचे डोळे खोल गेलेले, झुरळाचं वरणही चाललं असतं. पण पहिली माघार घेणार कोण? तेवढ्यात इस्त्रीच्या खोलीत हा सापडला. मांडीवर पातेलं, त्यात दूध, साखर आणि कुस्करलेली केळी. तोंड भरलेलं, त्यामुळे बाजू मांडता येईना. अख्खा ब्लॉक आधी हसला, मग केळी आणायला धावला. उपोषण तिथेच संपलं.

"हा नसता तर लाजेकाजेस्तव आम्ही सगळे तिथेच मेलो असतो," उदय म्हणाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. काही जण डोळे पुसत होते. मीही पुसले. हॉलमध्ये धूळ फार होती.

निवडणूक झाली. अध्यक्ष: उदय, एकमताने. भोजनप्रमुख: शिकरण, तेही एकमताने. मिनिट्समध्ये नाव तसंच आहे. माझं भाषण खिशातच राहिलं.

जेवणाच्या शेवटी वैजयंतीने मोठं पातेलं बाहेर आणलं. काय होतं ते लिहीत नाही. उदयने तीन वाट्या घेतल्या. तिने एक माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, ॲलर्जी आता कितपत आहे?

२० मे

शांतपणे विचार केला. उपोषण मी मोडलं नाही, संपवलं. यात फरक आहे. इतक्या मुलांचे प्राण धोक्यात असताना कुणीतरी वैद्यकीय निर्णय घेणं भाग होतं. सेकंड इयरला असूनही मी तो घेतला. कमिटीला लेखी खुलासा पाठवणार.

तसंच यापुढे त्या नावाने फोन आला तर राँग नंबर म्हणून ठेवून द्यायचा. यशोधनला सक्त ताकीद दिली आहे. तो हो म्हणाला, पण तोंड पलीकडे करून.

२६ मे, रविवार, दुपार

चालणं नाही. साखर चालू. खुलाशाचं पहिलं वाक्य चौथ्यांदा खोडलं.

मधेच फोन वाजला. यशोधनने रिसीव्हरवर हात दाबून मला हाक मारली. ग्लासगोहून कोणी विष्णूअंकल आहेत, म्हणाला. हार्टचं ऑपरेशन झालं म्हणून येता आलं नाही. घरात एकटेच असतात. विचारतायत, शिकरण इथेच राहतो का? राँग नंबर सांगू?

विष्णू. ती केळी त्यानेच आणून दिली होती, शर्टाच्या आत लपवून. स्वतः एकही खाल्लं नव्हतं. आणि सगळा ब्लॉक मला हसत होता तेव्हाही, केळी आणली कोणी, हे ना त्याने सांगितलं, ना मी.

वैजयंती हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत होती. मी उठून फोन घेतला.

"बोलतोय," म्हटलं.