तुमचा पाना सापडला, भाऊजी

महानगर, लखनौ
रविवार, दुपार

भाऊजी,

पत्राच्या वर 'प्रिय' लिहायची पद्धत आहे. मी बराच वेळ पेन धरून बसलो, पण ते लिहिलं नाही. तुम्हाला जाऊन दहा महिने झाले. इतक्या दिवसांत तुम्हाला काही सांगावंसं वाटलं नव्हतं. आज वाटतंय, कारण तुमचा दहा-अकराचा पाना सापडला आहे.

कुठे ते सांगतो, पण क्रमाने. तुम्हाला क्रम आवडायचा ना?

मंगळवारी ताईला घेऊन चारबाग स्टेशनवरून परत येत होतो. वाटेत तेलाचा लाल दिवा लागला. गाडी कडेला घेऊन मी तेल पाहिलं, तर दांडीच्या टोकालाच जेमतेम लागलेलं! ते कुठून गळतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. इंजिनच्या मागच्या अंगाला तेलाचा दाब सांगणारा जो अंगठ्याएवढा स्विच आहे, त्यातून. तुम्हीच दोन वर्षांपूर्वी नवा बसवलेला. तो महिन्याभरात गळायला लागला आणि तुम्ही गाडीखाली पत्र्याचा ट्रे ठेवलात.

ट्रे! भाऊजी, तुम्ही! बॉनेटवर बोटाचा ठसा दिसला तर रुमाल काढणारे तुम्ही. हवाई दलात वीस वर्षं विमानाची इंजिनं सांभाळलेले. मी दोनदा म्हणालो, "भाऊजी, स्विच बदलून टाकू या, मी खाली झोपतो." दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "अरे यार, अवघड जागा आहे ती. तुझं काम नाही. राहू दे." मला वाटायचं, तुम्ही माझ्या हातांना घाबरता.

तेव्हा माझ्या हातांना सगळेच घाबरायचे. तुमच्यामुळे.

तो रविवार आठवतो? सकाळी तुम्ही एकट्याने स्विच बदललात. मी बाजारात गेलो होतो. संध्याकाळी तुम्ही व्हरांड्यातल्या तुमच्या फळीसमोर उभे होतात. प्रत्येक पान्याचा आकार तुम्ही तिच्यावर लाल रंगाने काढून ठेवला होता, म्हणजे एखादा पाना जागेवर नसेल तर लाल रंग लगेच दिसावा. विमानाच्या कामात असंच करतात, एक पाना आत राहिला तर माणसं मरतात, हे तुम्हीच मला शिकवलंत. त्या संध्याकाळी दहा-अकराची जागा लाल दिसत होती.

"रघुनाथ, काल सायकलला कोणता पाना घेतला होतास?"

"दहा-अकराचा. पण परत टांगला, भाऊजी."

"मग उडून गेला काय?"

मी तीन दिवस शोधला. गटाराच्या जाळीत हात घातला, कचऱ्याचा डबा व्हरांड्यात उपडा केला, सायकलवाल्याच्या दुकानात जाऊन त्याची शिवी खाऊन आलो. तुम्ही आरामखुर्चीत बसून बघत होतात. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं की मी टांगला नसेन. मला तशीही प्रत्येक गोष्ट तीनदा तपासायची सवय. त्यानंतर सहादा तपासायला लागलो. अजून तपासतो. कुलूप लावून निम्म्या रस्त्यातून परत येतो. ही तुमची देणगी!

एवढ्यावर थांबला असतात तर मी विसरलोही असतो. पण पुढच्याच आठवड्यात तुम्ही मला चिनहटला घेऊन गेलात. तिवारीजी तुमच्याबरोबर हवाई दलात होते, आता तिथल्या कारखान्यात दुरुस्तीचं खातं बघतात. माझ्यासारख्या नववी नापास मुलाला ते केवळ तुमच्या शब्दावर ठेवून घेणार होते. मी नवा शर्ट घातला होता. अर्ज चार वेळा लिहून काढला होता, एकही खाडाखोड नसलेला. आणि फाटकाशी, चार कामगार बिडी ओढत उभे असताना, तुम्ही तिवारीजींना म्हणालात, "लड़का ईमानदार है, पर पाना खोता है। इसकी ज़मानत मैं नहीं दूँगा।"

तिवारीजींनी माझा अर्ज घडी करून परत दिला. "तब तो मुश्किल है, बेटा."

कामगारांतला एक हसत म्हणाला, "अरे, जेब तो देख लो इसकी!"

तुम्हीही हसलात. ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून मी इथल्या कपूरथला चौकातल्या दुकानात खिळ्यांच्या डब्यांवर नावं लिहितो. अक्षर चांगलं आहे म्हणून.

तुमच्या तेराव्याला तिवारीजी आले होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "ऐसा आदमी अब कहाँ! जिसके हाथ से कभी एक वॉशर नहीं गिरा।" आणि हे म्हणताना माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना चहा देत होतो.

आता आज सकाळचं सांगतो.

नवा स्विच काल लाटूश रोडवरून आणला. इंजिन थंड होतं. बॅटरीची तार काढली, जॅक लावला, चाकांमागे विटा ठेवल्या, विटा पुन्हा तपासल्या. गोणपाटावर झोपून खाली सरकलो. तिथे हात जातो तर डोळा जात नाही, आणि डोळा जातो तर हात जात नाही. म्हणून तुमचा दाढीचा आरसा घेतला आणि दोरीने सळईला बांधला. ताईने तो जपून ठेवला होता. मी विचारलं नाही. तेलाने बरबटला, तर बरबटू दे!

आधी धूर बाहेर नेणाऱ्या नळावरचा पत्रा काढायला लागतो. त्याचे बोल्ट दहाचे. तिथेच माझ्या मनात काहीतरी खटकलं, पण हात कामात होते. स्विचची तार काढली. स्विच एका वेळी बोटभर फिरत होता. पाना काढायचा, परत लावायचा, परत बोटभर. अर्ध्या तासाने तो हातात आला. गळ्याशी चीर होती. तुम्ही जास्त आवळला होतात, भाऊजी. मला नेहमी सांगायचात, आवळताना मनगट वापर, खांदा नको. तुम्ही खांदा वापरलात!

मग जागा पुसायला फडकं आत घातलं, आणि स्विचच्या मागे, इंजिनच्या खाचेत, बोटांना काहीतरी लांबट लागलं. आरसा फिरवला. काळ्या चिकट मातीत पाना झोपला होता. गळलेल्या तेलाने आणि धुळीने असा धरून ठेवलेला, की दोन वर्षांत एकदाही वाजला नाही. पुसला. एका टोकाला दहा, दुसऱ्याला अकरा. त्या रविवारी पत्र्याचे बोल्ट काढायला तुम्हीच तो फळीवरून नेला होतात.

मी गाडीखाली तसाच पडून राहिलो. रडलो नाही. हसायला आलं. मग आठवला तो ट्रे.

तुम्हाला माहीत होतं ना? खरं सांगा! त्या रविवारी नसेल माहीत. पण गळती सुरू झाल्यावर तुम्ही खाली वाकून पाहिलं असणारच. तुम्ही पाहिल्याशिवाय राहणारे नव्हतात. आणि पाहिल्यावर स्विच बदलला नाहीत, मला बदलू दिला नाहीत, वर्षभर ट्रे भरू दिलात. एका रात्रीत काढून गुपचूप टांगला असतात तरी चाललं असतं! मी एक अक्षर बोललो नसतो. पण मग फळीवर तो परत कसा आला, हे कुणीतरी विचारलं असतं. त्या एका प्रश्नाची भीती तुम्हाला माझ्या नोकरीहून मोठी वाटली का?

ताई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी पाना तिच्यासमोर धरला.

"कुठे होता?"

"स्विचच्या मागे. भाऊजींच्याच हातून राहिलेला."

ती मेथीची पानं खुडत राहिली. मग म्हणाली, "तिवारीजींना सांगू नकोस, रघू. ह्यांचं नाव तेवढं राहिलंय माझ्याकडे."

"आणि माझं?"

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "तुला लोक बोलत होते तेव्हा मी एकदाही म्हटलं नाही की माझा भाऊ असा नाही. एकदाही नाही." डोळे पुसले आणि म्हणाली, "मीच येते तिवारीजींकडे. मी सांगते त्यांना."

"नको. तू काही सांगायचं नाहीस."

तिच्या तोंडून ऐकलं असतं तर तिवारीजींना तिची दया आली असती, आणि दयेच्या भरात त्यांनी तुम्हाला माफही केलं असतं. ते मला नको आहे.

नवा स्विच आधी हाताने फिरवला, मग मनगटाने आवळला. गाडी सुरू केली. लाल दिवा लागला आणि विझला. खाली पांढरा कागद पसरून अर्धा तास इंजिन चालवलं. एक थेंब नाही, भाऊजी! जे तुमच्या हातून गळलं ते माझ्या हातून थांबलं. ऐकताय ना?

उद्या सकाळी पाळी बदलायच्या वेळी मी चिनहटला जाणार. त्याच फाटकाशी, कामगार उभे असताना. तुटका स्विच आणि पाना दोन्ही घेऊन. नोकरी मागणार नाही. तिवारीजींनी स्वतःहून विचारलं तर बघू. मी वचन देतो की जेवढं झालं तेवढंच सांगेन. आवाज चढवणार नाही, शिवी देणार नाही, ट्रेबद्दल मला जे वाटतं ते 'वाटतं' असंच सांगेन. तुम्ही माझ्याबद्दल जे बोललात ते खोटं होतं. मी तुमच्याबद्दल बोलेन त्यात खोटा शब्द एकही नसेल, म्हणून ते कुणाला पुसता येणार नाही.

तिवारीजींचा चेहरा पडेल. वीस वर्षांचा दोस्त ते तिथे उभ्या उभ्या गमावतील. मला वाईट वाटणार नाही. आणि वाटलंच, तर तुम्हाला कळवणार नाही.

तुमचा मेहुणा,
रघुनाथ